श्वास कुठे घेतला: एका वहीच्या नोंदी

६ एप्रिल, उभादांडा

वेंगुर्ल्याच्या बाजारातून शंभर पानी वही आणि दोन तोंडांची लाल-निळी पेन्सिल आणली. दुकानदार म्हणाला, आता ही पेन्सिल फक्त सुतार नेतात. पहिल्या पानावर कामाचं नाव घातलं: आवडीची गाणी, श्वासाच्या खुणा.

काम असं. ज्या गाण्यांपायी मी गायला लागले त्यातली निवडक घ्यायची. शब्द मोठ्या अक्षरांत उतरवायचे. मूळ गायकाने श्वास घेतलाय तिथे लाल टिंब. मग तीच ओळ मी गायची आणि माझा दम संपेल तिथे निळं टिंब. चतुर्थीत, गौरी यायच्या आदल्या रात्री, घरच्या गणपतीपुढे तासभर गाईन असं कबूल करून बसलेय. तोवर लाल आणि निळं जवळ यायला हवं.

हे खूळ कशापायी, तेही लिहून ठेवते. शिमग्यात सर्दी झाली, ती छातीत उतरली, तीन आठवडे खोकत होते. खोकला गेला, दम काही परत आला नाही. काल तानपुरा लावला आणि ‘मर्मबंधातली ठेव ही प्रेममय’ ही ओळ म्हणायला गेले, तर श्वास ‘प्रेम’ आणि ‘मय’ यांच्या मध्ये तुटला. नेमका शब्दाच्या पोटात. वीस वर्षं मुलींना ओरडतेय की शब्द कापून श्वास घ्यायचा नाही. बावन्नाव्या वर्षी ती ओरड माझ्याकडेच आली.

घड्याळ लावून ‘सा’ धरला. पट्टी काळी चार, ११ सेकंद. आजारापूर्वी पंचवीसच्या खाली आठवत नाही.

९ एप्रिल

यादी करायला बसले. त्रेचाळीस गाणी झाली. तासाभरात बसणार सात, फार तर आठ. कापाकापी करताना लक्षात आलं की निम्मी यादी इथल्याच आसपासची आहे. दीनानाथ मंगेशीचे. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. वझेबुवा सावंतवाडी संस्थानातल्या वझरे गावचे, वसंत देसाई सोनवड्याचे, आणि कवी आरती प्रभू म्हणजे खानोलकर तर बागलांची राईचे, इथून हाकेवर. यातलं कुठलंही गाव सकाळी निघून रात्री घरी परत यावं एवढंच लांब.

याला लोक ‘मातीचा गुण’ म्हणतात. मला ते आवडत नाही. केसरबाई आणि मोगूबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या त्या गाव सोडून, घरदार मागे टाकून, लोकांची बोलणी खाऊन. त्याचं श्रेय तांबड्या मातीला देऊन आपण मोकळं व्हायचं, हे काही बरं नव्हे. माती इथे माझ्याही पायाखाली आहे. ‘सा’ ११ सेकंदच आहे.

१३ एप्रिल

दिवसभरात एकच ओळ.

‘मर्मबंधातली ठेव ही’ सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’मधलं. नाटक १९३१ सालचं, म्हणजे सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्या काळातलं. चाल वझेबुवांची, राग पटदीप. पटदीप सरळ माणसासारखा वागत नाही: कोमल गंधार घेऊन मऊपणे चढतो आणि वर शुद्ध निषाद लावून एकदम धार दाखवतो. आरोहात रिषभ आणि धैवत गाळायचे, त्यामुळे चढताना पायऱ्या वगळत चढल्यासारखं होतं. उडी मारायची तर श्वास आधीच भरलेला हवा. ऐन उडीत छाती रिकामी असली की निषाद लोंबतो.

दीनानाथांच्या रेकॉर्डवर टिंबं द्यायला बसले आणि हरले. श्वास ऐकूच येत नाही. जुन्या तबकडीची खरखर आहे हे खरं, पण तेवढंच कारण नाही. ते श्वास तानेच्या शेवटच्या सुरावर, आघाताच्या आड घेत असणार. तुकडा असा फेकतात की कानाला वाटतं तो त्यांनी तोडला, दम लागून तुटला असं वाटत नाही. माझं तुटणं आणि त्यांचं तोडणं यात एवढाच फरक आहे. आणि तोच फरक मला तीस वर्षांत जमलेला नाही.

दुसरं एक लक्षात ठेवायचं. तेव्हाची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत फुलणारं पद तेवढ्यात कोंबायचं. म्हणून रेकॉर्डवरची घाई सगळी गायकाची नव्हे, थोडी तबकडीचीही. मी मात्र लहानपणापासून ती घाई दीनानाथांचा स्वभाव समजून गिरवत आले. माझ्यापुढे तबकडी नाही, गणपती आहे. त्याला कुठे जायचंय?

२० एप्रिल

शिकायला येणाऱ्या मुलीला केसरबाईंची भैरवी ऐकवली, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अवकाशात गेली, त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. हे सांगितल्यावर मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, “बाई, तिकडे तर हवाच नाही. मग ऐकणार कसं?”

मी म्हटलं, ऐकायचं नंतर बघू. आधी मला सांग, ह्यांनी हवा कुठे घेतली?

तीनदा लावलं. ती एक टिंब देऊ शकली, मी दोन, आणि तिन्ही ठिकाणांवर आमचं भांडण. केसरबाईंचा आवाज रुंद आणि खुला; ‘आ’कार एकदा उघडला की भरतीच्या पाण्यासारखा पसरत येतो, कुठून पुढे सरकला ते दिसत नाही. अशा आवाजापुढे पेन्सिल घेऊन बसणं मला जरा उद्धटपणाचं वाटलं. वही मिटली. मुलीने जाताना बरणीतली आंबोशी खिशात घातली. घशाला वाईट म्हणून मीच तिला बंदी घातली होती, पण बोलले नाही.

‘सा’: १३.

२६ एप्रिल

सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. दोन्ही टोकांना माणसं, दोर कमरेला टेकवून मागे मागे येत ओढतात. मी मुद्दाम वही घेऊन गेले होते. म्हटलं, ओढताना गाणी म्हणत असतील, श्वास कुठे घेतात ते बघू. गाणं काही नव्हतं. एकजण हाळी देई, बाकीचे ‘हो’ म्हणत ओढ देत. पण त्या ‘हो’मध्येच सगळं होतं: श्वास हाळीवर घ्यायचा आणि जोर ‘हो’वर सोडायचा. पुढचा म्हातारा बोलत नव्हता, नुसता तोंडाने फू करत होता, बरोबर समेवर.

घरी येऊन ‘मी डोलकर डोलकर’ लावलं. शब्द शान्ताबाई शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची, लतादीदी आणि हेमंतकुमार गातात. कुंपणापलीकडून शेजारची काकी सुकट वाळत घालता घालता म्हणाली, “बाय, ह्यो डोलकर आमचो न्हय. डोल तिकडे मुंबयच्या अंगाक. आमची रापण.” मला खूप वर्षांनी कळलं की डोल म्हणजे प्रवाहात रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, ते उत्तरेकडचं. आम्ही गाबतांच्या, म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या, शेजारी राहून शाळेच्या गॅदरिंगला डोलकर होऊन नाचलो.

गाण्यात मात्र लाटेचं वजन खरं आहे. हेमंतकुमारांचा आवाज होडीच्या तळासारखा, जड आणि ओलसर. त्यावर लतादीदी अलगद बसतात. दीदींचा श्वास ऐकू न येण्यामागे शिक्षण आहे. मायक्रोफोनपुढे श्वास कुठे आणि कसा घ्यायचा हे अनिल विश्वास यांच्याकडून शिकले, असं त्या स्वतः सांगत. म्हणजे लपवणं हीसुद्धा शिकायची विद्या. वहीत लाल टिंबं तीन. हेमंतकुमारांचीच.

११ मे, कुर्डी

भाच्याच्या गाडीने पहाटे चारला निघालो. बांदा, म्हापसा, फोंडा, सांगे. साळावली धरणाच्या पाण्यात गेलेलं कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आणि जुने गावकरी मे महिन्यात सोमेश्वराला जमतात. मोगूबाई इथल्या, जन्म १९०४.

गाव म्हणजे आता तडकलेला चिखल, घरांचे चौथरे, माडांची खुंटं काळी पडलेली. एका चौथऱ्याकडे बोट करून एका आजोबांनी सांगितलं, हे मोगूबाईंचं घर. मी कडेला बसले. पायरीचा एक चिरा शाबूत होता, त्याच्या खोबणीत सुकलेलं शेवाळ आणि एवढासा शिंपला. वर्षातले कितीतरी महिने या पायरीवर पाणी असतं. नखाने शेवाळ खरवडलं तर खालचा जांभा लालच होता.

गायचं नाही असं ठरवून गेले होते. अशा ठिकाणी गायला लागणारी माणसं मला आवडत नाहीत, लगेच मोबाईल निघतात. पण भाचा पाणी आणायला गेला तेव्हा तोंडातल्या तोंडात ‘जाईन विचारित रानफुला’ म्हटलं. किशोरीताईंचं, आईच्या गावात लेकीचं गाणं. हेही शान्ताबाई आणि हृदयनाथ या जोडीचंच. ताईंचे श्वास मला सगळ्यांत जास्त शिकवून जातात, कारण त्या लपवत नाहीत आणि मिरवतही नाहीत. ओळ संपते, मग एक क्षण काहीच नसतं, आणि पुढचा सूर त्या रिकामपणातूनच उगवतो. श्वास घेताना त्या पुढच्या सुराचा विचार करतायत हे ऐकू येतं. मी श्वास घेताना मागच्या सुराची हळहळ करत असते.

तिथे बसून, हळू आवाजात, एकही निळं टिंब चुकीच्या जागी पडलं नाही. परतीला गाडीत पुन्हा म्हटलं तर दोनदा तुटलं.

२५ मे

पाऊस. मृगाला अजून दोन आठवडे आणि हा आलासुद्धा. काजूच्या बिया खळ्यात तशाच, आंबा निम्मा झाडावर. सगळी धावपळ उरकून रात्री ‘ये रे घना’. शब्द आरती प्रभूंचे, गाणाऱ्या आशाताई.

आशाताईंचं पान लाल टिंबांनी भरून गेलं. त्या श्वास ऐकवतात. ऐकवतात म्हणजे त्याचा स्वर करतात: ओळीच्या सुरुवातीला आत ओढलेली हवा हीच विनवणीची पहिली मात्रा. माझ्या गुरुजींना हे मुळीच चालत नसे. “श्वास ऐकू आला म्हणजे गाणं उघडं पडलं,” म्हणायचे. गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते की या एका बाबतीत त्यांचं चुकलं. या गाण्यातला श्वास काढून घेतला तर घन कशाला येईल?

‘सा’: १६. पावसाळी हवेत घसा खूश आहे.

१४ जून

कुमार गंधर्वांचं ‘ऋणानुबंधाच्या’. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातलं, संगीत वसंत देसाईंचं, बरोबर वाणी जयराम.

हे पान मी मुद्दाम लांबणीवर टाकत होते. क्षयाने कुमारजींचं एक फुप्फुस निकामी केलं. १९४८ साली हवा मानवेल म्हणून देवासला गेले आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद. परत उभे राहिले ते वेगळंच गाणं घेऊन. खोकल्याने तीन आठवडे अंथरुणात पडलेल्या बाईने त्यांच्याशी तुलना करायची नसते. तरी कान लावून ऐकलं. छोटे, टोकदार तुकडे. सूर लावला की सोडून द्यायचा आणि त्याचा नाद ऐकणाऱ्याच्या कानात पुरा होऊ द्यायचा. मोठी ओळ गाता येत नाही म्हणून छोटी गायली असं एकदाही वाटत नाही. ओळ तेवढीच होती असं वाटतं.

वाणीबाईंचे शब्दोच्चार पुन्हा पुन्हा ऐकावेत असे. तमिळ घरातली बाई, पण मराठी ‘ळ’ आमच्या वर्गातल्या मुलींपेक्षा चांगला म्हणते. मुलींना ऐकवलं, त्यांना राग आला.

३ जुलै

पेटीचा मध्यमाचा सूर बसला. दाबला की वाजतच राहतो, दमटपणाने लाकूड फुगलंय. तबल्याचीही तीच गत, शाई मऊ पडलीय, चांटीवर टण्ण ऐवजी थप्प. तानपुऱ्याचा भोपळा रोज कोरड्या फडक्याने पुसते, तरी बुरशीचा वास येतोच. कुडाळहून पेटी दुरुस्त करणारे येणार होते, घाटात दरड आली म्हणून नाही आले. घाट कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मध्ये कुठे लागतो हे मी विचारलं नाही.

‘सा’: १४. कमी झाला. का, माहीत नाही. दोन रात्री झोप नव्हती.

१९ जुलै

‘घेई छंद मकरंद’. ‘कट्यार काळजात घुसली’, १९६७, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. एकाच पदाला दोन चाली: प्रसाद सावकारांची धानीतली चपळ, आणि वसंतराव देशपांड्यांची सालगवराळीतली, नाटकातल्या खाँसाहेबांच्या तोंडी, वळणं घेत जाणारी. नाटकातलं घराण्यांचं भांडण अभिषेकींनी चालीतच मांडून ठेवलं.

वहीचं डावं आणि उजवं पान घेतलं, दोन्हीकडे तेच शब्द. टिंबं वेगवेगळ्या जागी पडली. सावकारांकडे शब्द संपला की श्वास. वसंतरावांकडे शब्दाला विचारतोय कोण, ते सुराच्या वळणावर थांबतात, शब्द मागून धावत येतो. एक वाजेपर्यंत दोन्ही पानं बघत बसले. तेच शब्द, तीच अक्षरं, आणि श्वासाची जागा एक नाही. इतके महिने मी एका गायकाची टिंबं माझ्या छातीत ठोकायला बघत होते.

लाईट गेली. मेणबत्ती लावून लिहिलं, म्हणून अक्षर असं.

२ ऑगस्ट

भाचा भजनी मंडळात पखवाजावर आहे. चतुर्थीच्या तालमी सुरू झाल्या, आमच्याच पडवीत. बुवा पेटीवर ओळ टाकतो, कोरस झेलतो, आणि कोरस गातो तेवढ्यात बुवा निवांत श्वास घेतो, घाम पुसतो, पाणीसुद्धा पितो. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, रात्री चार-चार तास गायचं ते असं.

मी भाच्याला वही दाखवली. पानं उलटून म्हणाला, “आते, श्वास लपवतंस कित्याक? आमचो बुवा तर मायकावरच घेता.” आणि ते खरं आहे, मायकावर ‘हँ’ असं ऐकू येतं. आजवर त्याबद्दल नाक मुरडत होते. आज तो ‘हँ’ नेमका मात्रेवर पडतोय हे मोजून पाहिलं. टिंब दिलं. वहीतलं सगळ्यांत मोठं लाल टिंब आमच्या बुवाचं.

१७ ऑगस्ट

‘मर्मबंध’चं पान पुन्हा काढलं. एप्रिलपासूनची निळी टिंबं ‘प्रेम’च्या पुढे, एकावर एक, कागद तिथे गिरवून मऊ झालाय.

दम वाढवून ओळ पुरी करायचा हट्ट सोडला. आता ‘ठेव ही’नंतर थांबायचं. चोरून नाही, उघड. तिथे श्वास घ्यायचा आणि ‘प्रेममय’ अख्खा, एका ओंजळीत, ठेवायचा. लय थोडी उतरवली, नाहीतर थांबणं म्हणजे ठेच लागल्यासारखं होतं. पहिल्या दहा वेळा अवघडल्यासारखं झालं. अकराव्यांदा ‘ही’वरचा सूर सोडला आणि तो सुटल्यावरही तानपुऱ्यात वाजत राहिला, त्यावर हात ठेवून पुढे गेल्यासारखी ‘प्रेममय’वर गेले.

दीनानाथांच्या रेकॉर्डसारखं नाही. गुरुजी असते तर पेटीचं झाकण लावून उठले असते.

मुलीला म्हणून दाखवलं. म्हणाली, “बाई, मीही असंच म्हणू?” नाही म्हटलं. तुझा दम शाबूत आहे, तू पुरी ओळ म्हण.

३० ऑगस्ट

उद्या गौरी. गणपतीवर टांगलेल्या माटोळीला भाच्याने एवढी कांगणं आणि नारळ बांधलेत की खाली बसायची भीती वाटते. पडवीत तीसेक माणसं, मुंबईहून आलेली अर्धी.

सात गाणी झाली. ‘ये रे घना’ला बाहेर खरोखरच सर आली आणि पत्र्यावर इतकी वाजली की दोन ओळी कुणाला ऐकू गेल्या नाहीत. ‘ऋणानुबंधाच्या’ मुलीबरोबर, ती बरी गायली, शेवटी घाई केली. ‘जाईन विचारित’ला डोळे मिटले आणि पायरीचा चिरा दिसला. ‘मर्मबंध’ सहावं. ‘ठेव ही’ म्हटलं, थांबले, श्वास घेतला, तो मला ऐकू आला आणि पुढे बसलेल्या भाच्यालाही, कारण त्याने नकळत मांडीवर हात टाकला. मात्रेवर. मग ‘प्रेममय’.

शेवटी भैरवी. केसरबाईंची नाही, तेवढी लाज आहे.

शेजारच्या काकीने प्रसाद घेताना सांगितलं, “आवाज बरो लागलो. पण पंखो बंद करूक होयो होतो, गार वारो थेट छातीत जाता.” मुंबईच्या चुलतभावाने विचारलं, मर्मबंधमध्ये मध्येच विसरलीस का?

३१ ऑगस्ट

‘सा’: १८.

रात्री दीडला भजन आलं, उसळ-पाव संपली, तीनपर्यंत चाललं. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होते, वही न घेता.

बासष्ट पानं भरली. उरलेल्या पानांवर भाच्याला मंडळाच्या वर्गणीचा हिशेब लिहायचाय म्हणून वही मागत होता. दिली नाही. पेन्सिल दिली, निळं टोक तसंही संपत आलंय.